ढगातले दप्तर

‘ढगात जाणे’ हा आपल्या मराठीतला काही फारसा शुभ वाक्प्रचार नव्हे. अमुक अमुक ढगात गेला, म्हटले की पुढे काही विचारायचे उरत नाही. त्यामुळे सांगलीच्या पेठेतल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला ‘शेठ, आता तुमचे सगळे दप्तर क्लाउडवर टाका’ असे सुचवले आणि क्लाउड म्हणजे काय तेही सांगितले, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. गेली पंचवीस वर्षे मी या भागातले अडते, दुकानदार आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार यांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे पाहतो. असे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण या व्यापाऱ्यांना हसावे, असे मला कधी वाटले नाही. कागद कुठे ठेवायचा आणि कोणाच्या भरवशावर ठेवायचा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

मराठी माणूस कागद जपण्यात मागे होता असे नाही. पेशव्यांचे दप्तर आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद छापून काढले, तर त्याचे पंचेचाळीस खंड झाले! घरोघरच्या दुकानांतही लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी, रोजकीर्द आणि खतावणी असे. दिवाळीला तिची पूजा होई. ती कोणत्या कपाटात, कितव्या कप्प्यात आहे हे दिवाणजींना डोळे मिटून सांगता येई. दप्तराची खरी अनुक्रमणिका दिवाणजींच्या डोक्यात असे. दिवाणजी आजारी पडले, की दुकान उघडे असूनही बंद असल्यासारखे वाटे.

पाणी ओसरल्यावर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत जे केले ते इथला माणूस विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. पेठेतली दुकाने बुडाली. पाणी ओसरल्यानंतर गच्चीगच्चीवर चोपड्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या. शाई पसरलेली, पाने एकमेकांना चिकटलेली; सोडवायला जावे तर लगदा हातात यावा. एक वृद्ध व्यापारी मला म्हणाले, ‘‘साहेब, माल गेला त्याचं एवढं नाही. माल परत भरता येतो. कोण किती देणं लागतो, तेच वाहून गेलं.’’

ते खरेच होते. उधारीच्या धंद्यात कागद हीच मालमत्ता. विमा कंपनीने साठ्याची नोंदवही मागितली, बँकेने खरेदीची बिले मागितली आणि देणेकऱ्यांपैकी काहींची स्मरणशक्ती पुराबरोबर अचानक क्षीण झाली. त्याच गल्लीत दुसरे एक दुकान होते. त्या घरच्या सूनबाईंनी आदल्या वर्षापासून प्रत्येक बिलाचा मोबाइलवर फोटो काढून तो महिनावार कप्प्यांत क्लाउडवर ठेवण्याची शिस्त लावली होती. सासरे त्याला ‘पोरखेळ’ म्हणत. पूर ओसरल्यावर आठव्या दिवशी त्यांचा दावा कागदपत्रांसह दाखल झाला. पोरखेळ हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही.

हा ढग आहे तरी कुठे?

आमच्या सांगलीकरांना हे समजावताना मी हरिपूरच्या पेवांचे उदाहरण देतो. हळदीची ही जमिनीखालची कोठारे. तिथली मातीच अशी, की हळद वर्षानुवर्षे टिके. माल व्यापाऱ्याचा, जमीन दुसऱ्याची. व्यापारी भाडे मोजी. क्लाउड म्हणजे असेच भाड्याचे पेव. कागद आपला, यंत्र दुसऱ्याचे. आणि हा ढग काही आकाशात नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली अशी केंद्रे सुरू केली. मोठमोठ्या थंड केलेल्या दालनांत कपाटांसारख्या रचलेल्या संगणकांच्या रांगा, असे त्याचे रूप. चांगल्या सेवेत आपल्या एकाच कागदाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात, म्हणून एक यंत्र बिघडले तरी कागद जात नाही.

पेव मात्र एकाच ठिकाणी असते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळदीची नासाडी झाली, ते इथल्या लोकांच्या लक्षात आहे. हा धडा पुढे उपयोगी पडतो, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

कागद सुरक्षित राहतो, हा झाला अर्धा फायदा. दुसरा अर्धा म्हणजे अनेकांनी एकाच कागदावर काम करणे. आमच्या कारखानदारांच्या संगणकात ‘कोटेशन फायनल’, ‘कोटेशन फायनल नवे’ आणि ‘कोटेशन फायनल २’ अशा तीन फायली हटकून सापडतात आणि खरी फायनल चौथीच निघते. कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रभागाचे ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर आले. ग्राहकाने त्यात नंतर एक माप बदलले आणि सुधारित ड्रॉइंग मालकाला पाठवले. यंत्रावरच्या कामगाराच्या फोनमध्ये मात्र जुनेच राहिले. सारा माल परत आला. चूक कोणाची, यावर वाद झाला; पण खरे पाहता कोणाचीच नव्हती. एका कागदाच्या पाच प्रती पाच खिशांत फिरत होत्या, हीच अडचण होती.

क्लाउडवर प्रत एकच असते आणि सगळे तिच्याकडेच पाहतात. २००६ साली गुगलने रायटली नावाची सेवा विकत घेतली आणि त्यातून गुगल डॉक्स उभे राहिले. आपल्या तामिळनाडूतल्या झोहोनेही त्याच सुमारास असा लेखनिक लोकांपुढे आणला होता. यात दोघे एकाच वेळी लिहू लागले तर गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाकडून सबंध कागद जात नाही. ‘अमुक ठिकाणी अमुक अक्षर घातले’ एवढाच निरोप केंद्राकडे जातो. केंद्र त्या निरोपांचा क्रम लावते आणि सर्वांच्या पडद्यावर एकच मजकूर ठेवते. कोणी काय, केव्हा बदलले याची नोंद राहते. हवे तर जुना मजकूर परत आणता येतो. कोणाला नुसते वाचू द्यायचे, कोणाला बदलू द्यायचे, हेही मालकाला ठरवता येते. दिवाणजींच्या कमरेच्या किल्ल्यांचा जुडगाच हा!

कायद्याचेही तेच सांगणे आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. हिशेब संगणकावर असतील तर अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने नष्ट झाल्यास ते वाजवी मुदतीत परत उभे करता येतील अशी प्रत ठेवावी, असेही नियम सांगतो.

किल्ली कोणाच्या खिशात?

इथवर सारे गोड. पण माझ्या कामात मला पुरापेक्षाही अधिक छळणारे प्रश्न वेगळेच आहेत.

एका लहान कारखान्यात सात वर्षे काम केलेल्या मुलीने लग्नानंतर नोकरी सोडली. सारे कोटेशन, ग्राहकांचे पत्ते, चाचणीचे अहवाल क्लाउडवर होते; मात्र ते तिच्या स्वतःच्या ईमेलच्या खात्यावर. कोणी मुद्दाम केले नव्हते. पहिल्या दिवशी सोयीचे वाटले म्हणून तसे झाले. ती सज्जन, तिने सारे परत दिले. प्रत्येक वेळी माणूस सज्जन निघेलच असे नाही, आणि सज्जन असला तरी त्याच्या सौजन्यावर कारखाना चालवणे बरे नव्हे.

दुसरी हकिगत याहून जिव्हारी लागणारी. एक अडते हृदयविकाराने अचानक गेले. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येत असे. सुतकात कोणाला भान नव्हते. नंबरचे रिचार्ज संपले आणि पुढे तो बंद झाला. त्यांच्या पत्नी माझ्यापुढे बसून म्हणाल्या, ‘‘भाऊ, कपाट असतं तर कुलूप फोडलं असतं.’’ या कुलपाला हातोडा लावता येत नाही. महिनोन्‌महिने आम्ही बँकेच्या उताऱ्यांवरून आणि ग्राहकांच्या पाया पडून ती येणी जुळवत होतो. सगळी जुळली नाहीत. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा पैसा त्या येण्यांत होता.

क्लाउडवर ठेवले म्हणजे निश्चिंत, हाही भ्रमच. संगणकावरची फाइल आणि क्लाउडवरची फाइल जोडलेली असली, तर इकडे पुसली की तिकडेही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. फुकटच्या खात्यात दोन वर्षे कोणी फिरकले नाही, तर ते खाते पुसून टाकण्याचा हक्क गुगलने राखून ठेवला आहे. आणि मोठ्यांचेही चुकते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचे ८५८ टेराबाइट दप्तर भस्मसात झाले. बाहेर दुसरी प्रत नव्हती. पेव एकच असले की हळद जाते. मग ते हरिपूरचे असो वा कोरियाचे.

म्हणून मी माझ्या लोकांना चार साध्या गोष्टी करायला लावतो. खाते धंद्याच्या नावाचे असावे, नोकराच्या नव्हे आणि मुलाच्या कॉलेजच्या ईमेलचेही नव्हे. घरातल्या किंवा भागीदारांतल्या दोघांना पूर्ण अधिकार असावेत. महिन्यातून एकदा सारे दप्तर वेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क दुकानात न ठेवता पुराचे पाणी पोचणार नाही अशा घरी ठेवावी. चौथी गोष्ट म्हणजे परत मिळवण्याचे साधन आणि पासवर्ड एका बंद पाकिटात, मृत्युपत्राशेजारी. गुगलच्या खात्यात तर आपण काही काळ गैरहजर राहिलो तर कागद कोणाच्या हाती द्यावे, हे आधीच नोंदवण्याची सोय २०१३ पासून आहे. पाच मिनिटांचे काम; पण मरणाचा विषय, म्हणून लोक टाळतात.

जुन्या दप्तराची किंमत आपल्याला त्यातल्या मजकुरावरून कळते. चालू दप्तराची मात्र ते गेल्यावरच कळते. सुट्टीचा दिवस आहे, घरातली माणसे एकत्र आहेत. जेवण झाल्यावर एवढेच विचारा: मी उद्या दुकानात आलो नाही, तर आपली येणी कुठे लिहिली आहेत हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे? उत्तरादाखल सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर पाकिटाचे काम आजच उरकलेले बरे.