माहुलीचा डोंगर आणि त्याच्या वाटा

वर्तकनगराच्या पाठीशीं येऊरच्या टेकड्या आहेत, आणि त्या चढून आलेल्या विद्यार्थ्यास आपण डोंगर पाहिला असें वाटतें. परंतु कसाऱ्याची गाडी आसनगांवाजवळ येऊं लागली म्हणजे डाव्या हातास करवतीच्या दांत्यांसारखी जी काळी भिंत दिसूं लागते, ती पाहिल्यावर हा समज टिकत नाहीं. हाच माहुली. उंची सुमारें २८१५ फूट.

आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न शिखर ४४७८ मीटर उंच. त्याच्यापुढें आमचा माहुली लहानच. तथापि वाट निवडण्याचा प्रश्न दोहींकडे सारखाच. इटलीच्या बाजूनें प्रयत्न फसल्यावर व्हिंपर यानें झरमॅटकडील धार धरली. खालून अशक्य दिसणारी ती धार चढण्यास सुकर निघाली, व १४ जुलै १८६५ रोजीं सात जण माथ्यावर पोहोंचले. उतरतांना मात्र एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे प्राणांस मुकले.

माहुलीची घडण अग्निजन्य खडकाची. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याच्या पायऱ्या झाल्या, आणि भेगांतून पाणी शिरून खिंडी पडल्या. म्हणूनच या एका डोंगरावर तीन किल्ले आहेत: दक्षिणेस भंडारगड, मध्यें माहुली, उत्तरेस पळसगड. आजूबाजूस सुटे सुळकेहि पुष्कळ.

राबती वाट माहुली गांवांतून निघते. पायथ्याच्या शिवमंदिरावरून रानांत शिरावें व डोंगराची सोंड धरून चढावें. माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. दुसरी जुनी वाट माहुली व भंडारगड यांमधील खिंडींतून कल्याण दरवाजाकडे जाते. ती मोडलेली असून दोरावांचून व जाणत्या माणसावांचून तिच्या नादीं लागूं नये. वजीर सुळका तर केवळ प्रस्तरारोहकांचा. त्याकडे वांद्रे गांवाकडून जातात.

या कड्यांचें मोल आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. निजामशाहीच्या अखेरीस शहाजीराजांनीं याच गडाचा आश्रय केला, व १६३६ त मोंगल आणि विजापूरकर यांच्या सैन्यांनीं कोंडल्यावर त्यांस तो सोडावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत गड मोंगलांकडे गेला. १६७० च्या आरंभीं मराठ्यांनीं त्यावर हल्ला केला, परंतु किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. पुष्कळ माणसें कामास आलीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत गड हातीं आला.

पालकांस एक सांगणें आहे. मुलांस अवश्य पाठवावें, पण पावसाळ्यांत नव्हे. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाहीं. उन्हाळ्यांत प्रत्येकाजवळ निदान तीन लिटर पाणी असावें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही माथ्यावरून तानसा तलाव पाहत रमलों आणि उतरावयास उशीर केला. सोंडेवर अंधार पडला, एका फांट्यावर वाट चुकली. पुढें जाण्याचा दोघांचा हट्ट होता. आम्हीं सर्वांस खालीं बसविलें, मुलें मोजलीं, आणि आल्या पावलीं मागें फिरून फांटा गांठला. गांवांतील दिवे दिसले तेव्हां आठ वाजून गेले होते, आणि आसनगांवास पोहोंचून मिळालेल्या गाडींत एकहि मुलगा जागा राहिला नाहीं.