आधी लाटा, मग टाकी

सव्वाआठ. आबिड्सच्या नेहरू पुतळ्यापाशी दुकानांची शटर्स अजून खाली आहेत. दवाखान्यात लॅबवाल्याने द्रव नायट्रोजनच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी वहीत मांडलीय. उणे 196 अंशांत भ्रूणांना कसलीच घाई नसते.

साडेनऊ. पहिली पेशंट नांदेडची, रात्रीच्या गाडीने काचीगुड्याला उतरलेली. प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस झालेत. "अस्तराची जाडी चांगलीय ना?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. नऊ मिलिमीटर, उत्तम. पण मी सोनोग्राफीचा प्रोब स्थिर धरून घड्याळ लावते. फुंकर मारल्यावर दुधावरची साय सरकते, तसं गर्भाशयाचं अस्तर पडद्यावर सरकतं. खरं तर हलतो तो त्याखालचा स्नायूंचा थर. अस्तर त्याच्यामागे ओढलं जातं. बीज सुटण्याआधी या लाटा खालून वर धावतात, शुक्राणूंना वाट देतात. पुढे प्रोजेस्टेरॉनने त्या निवायला हव्यात. पेरांवर मोजते: मिनिटाला दोन. लॅबला फोन, "भ्रूण काढा."

ओपीडीच्या गर्दीत लाटा मोजण्याची पाच मिनिटं महाग पडतात, म्हणून बहुतेक जण जाडी टिपून उठतात. 1998 साली फ्रान्समध्ये फॅन्शिन यांच्या गटाने दाखवलं होतं की ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, वेळी ही आकुंचनं जास्त तिथे गर्भधारणा कमी.

अकरा. दुसरीच्या लाटा पाच. "थांबा, टाकी उघडू नका." गोठवलेल्याचा हा फायदा, थांबता येतं. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासायला पाठवलं; दुपारी पुन्हा मोजायचं. लाटा शमवायला अटोसिबान आहे, मुदतपूर्व कळा थांबवणारं. पण 2014 साली छापलेल्या, 800 बायकांवरच्या चाचणीत सरसकट दिल्याने जन्म वाढले नाहीत. सगळ्यांना टोचणं मला पटत नाही.

दीड. नांदेडच्या बाईंचा जीव भरल्या मूत्राशयाने कासावीस. कॅथेटर मऊ; गर्भाशयाच्या छताला टोक लागू द्यायचं नाही, लागलं की आकुंचनं पेटतात. छताच्या सेंटिमीटरभर अलीकडे थांबले. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला.

"लघवीला गेली तर पडणार नाही ना हो?" सासूबाई.

"नाही मावशी, उठवा तिला." झोपवून ठेवल्याने काही साधत नाही.

साडेतीन. दुसरीच्या लाटा तीन. अहवालाची वाट.

सहा. अहवालात प्रोजेस्टेरॉन कमी. तिची ट्रान्सफर पुढच्या पाळीवर, भ्रूण टाकीतच. छापील फॉर्ममध्ये जाडीला रकाना आहे, लाटांना नाही. लाटांचे दोन्ही आकडे मी समासात पेनाने लिहिले.