स्वमग्न तरुणांची कार्यशाळा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्न मूल लहान असते तोवर त्याच्याविषयी घरीदारी पुष्कळ बोलले जाते. डॉक्टर, अंगारेधुपारे, नवससायास, कोणी सांगितलेली मुळी, कोणी सुचविलेली शाळा, असे नाना मार्ग आईबाप चोखाळून पाहतात. परंतु तोच मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, त्याला मिसरूड फुटली, की लोकांचे कुतूहल आटते, शाळेचा दरवाजा बंद होतो, आणि त्याने आपले उर्वरित आयुष्य घराच्या ओसरीवर कसेबसे कंठावे, हे जणू सर्वांनी मनोमन कबूल केलेले असते. या वयाच्या मुलामुलींनी चित्र, माती, लाकूड, नाट्य, छायाचित्रण अशा एखाद्या माध्यमात एकच संकल्प हाती घेऊन काही आठवड्यांत तो तडीस न्यावा, अशा हेतूने भरणाऱ्या कार्यशाळा मोठ्या शहरांतून आता दिसू लागल्या आहेत. जालन्याहून सिंदखेडराजा ओलांडून मेहकरकडे जाताना वाटेत लागणाऱ्या आमच्या दुसरबीडसारख्या गावी तसे काही करू या, असे कोणी म्हणाले, तर पहिला प्रश्न ठरलेला आहे: त्या पोरांना त्यातले कळणार काय? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न, असा आहे. तो हिशेब धरला तर आपल्या पंचक्रोशीतही ही पोरे आहेतच, आणि म्हणून त्या प्रश्नाच्या पोटात दडलेले गैरसमज सावकाश तपासून पाहणे अगत्याचे आहे.

स्वमग्नता हे बालपणीचे दुखणे असून ते एक तर औषधाने बरे होते किंवा माणसाला कायमचे निकामी करून सोडते, ही समजूत सर्वांत जुनी. ती किती पोकळ आहे, हे ज्या मुलापासून या विषयाच्या वैद्यकीय इतिहासाचे एक मोठे प्रकरण सुरू झाले, त्याच्याच चरित्रावरून कळते. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला क्रमांक होता अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावच्या डोनाल्ड ट्रिप्लेट याचा. हा मुलगा पुढे महाविद्यालयातून पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने नोकरी केली, उतारवयापर्यंत तो गोल्फ खेळला, देशोदेशी एकट्याने हिंडला, आणि २०२३ साली, वयाच्या ८९व्या वर्षी निवर्तला. त्याची स्वमग्नता शेवटपर्यंत त्याच्यासोबत होती. ती गेली म्हणून त्याचे आयुष्य उभे राहिले, असे झालेले नाही. ती असतानाच ते उभे राहिले.

घरची सुस्थिती आणि गावाने दिलेली माया यांचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्य करूनही त्याच्या चरित्रातला एक भाग असा आहे की तो आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकावा. १९४२ साली आईवडिलांनी त्याला घरापासून दहा-एक मैलांवर एका कुळाच्या शेतावर ठेवले. ते शेतकरी दांपत्य मानसशास्त्र शिकलेले नव्हते. डोनाल्डला मोजमापाचा विलक्षण नाद होता; त्यांनी त्याला विहीर खणायला लावले आणि ती किती खोल गेली याची वर्दी देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याचा त्याला छंद लागला, तेव्हा रागे भरण्याऐवजी त्यांनी त्याला दफनभूमीसाठी जागा नेमून दिली. मग प्रत्येक जीवाच्या नावाची पाटी तो स्वतः लिहून रोवू लागला, आणि त्या पाटीवर त्या दांपत्याचे आडनावही घालू लागला. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे, तर त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि सांगितले की नांगरता नांगरता मोज. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर स्वतः तेथे गेले, तेव्हा या मुलाने त्यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरल्या आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला घोडा सफाईने वळवून घेतला. त्या दांपत्याच्या शहाणपणाने आपण थक्क झालो, असे कॅनरनी पुढे १९७१ सालच्या लेखात नमूद करून ठेवले आहे. स्वमग्न तरुणांची कार्यशाळा कशी असावी, याचा याहून चांगला वस्तुपाठ मला तरी ठाऊक नाही.

कारण दुसरा गैरसमज नेमका याच्या उलट दिशेने जातो. 'या मुलांना कल्पनाशक्ती नसते, एकाच गोष्टीचा हट्ट धरून बसतात, तो हट्ट मोडून काढल्याशिवाय ती काही शिकणार नाहीत', असे चांगले शिकलेले लोकही म्हणतात. इंग्लंड-स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०१५ साली ३१२ जणांना कागदाची टाचणी, वीट अशा वस्तूंचे निरनिराळे उपयोग सुचविण्यास सांगितले, तेव्हा ज्यांच्यात स्वमग्नतेची लक्षणे अधिक होती त्यांनी उपयोग थोडे सुचविले, पण ते इतरांना न सुचणारे होते. एका चाचणीवरून सगळा निवाडा करू नये हे खरे. तरी कल्पनाशक्तीच नसते, हा आरोप त्यापुढे टिकत नाही. आणि नादाचे म्हणाल, तर तोच कामाचा पाया.

समजा, आपल्या गावातल्या एखाद्या मुलाला एसटीच्या पाट्यांचे वेड आहे. थांब्यावर उभे राहून तो प्रत्येक गाडीची पाटी वाचतो, वेळ पाठ म्हणतो, आणि घरी आल्यावर तेच ते बोलून आईचा जीव नकोसा करतो. कार्यशाळेत या मुलाला फुलदाणी रंगवायला बसविणे म्हणजे त्याचा आणि फुलदाणीचा, दोघांचाही अवमान आहे. त्याला भिंतीएवढा पांढरा कागद द्यावा, त्यावर सिंदखेडराजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर, मेहकर हा मार्ग त्याने आखावा, प्रत्येक गावापुढे त्याला पाठ असलेल्या वेळा लिहाव्यात, गाड्यांचे रंग भरावेत, जुन्या पाट्यांची अक्षरे पाहून तशीच वळणदार अक्षरे गिरवावीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या एसटीची गोष्ट कोणी सांगितली तर तिलाही नकाशाच्या कडेला जागा मिळेल. शेजारी बसलेली, मोजके बोलणारी एखादी मुलगी त्या नकाशात फक्त झाडे काढील, आणि लिंब कोठे, बाभूळ कोठे, याविषयी तिचा शब्द अखेरचा मानला जाईल. असा नकाशा पुरा होऊन थांब्यावर लागला, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईने त्यावरून मेहकरच्या गाडीची वेळ विचारून घेतली, तर त्या मुलाचे वेड गावाच्या उपयोगी पडले. मुलींविषयी येथेच सांगितले पाहिजे, की त्यांची स्वमग्नता अनेकदा कोणाच्या ध्यानातच येत नाही. मुलगी गप्प बसते, मान वर करीत नाही, म्हणून तिला सालस ठरवून आपण मोकळे होतो.

आता याच्या दुसऱ्या टोकाचा भ्रम. प्रत्येक स्वमग्न मुलात एखादी दैवी प्रतिभा लपलेली असते, हे चित्रपटांनी आपल्या मनावर बिंबविले आहे. १९८८ सालच्या 'रेन मॅन' या चित्रपटातील नायकाला ज्याच्यावरून प्रेरणा मिळाली, तो अफाट स्मरणशक्तीचा किम पीक स्वतः स्वमग्न नव्हता, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले; आणि आपल्याकडे ज्याचा दाखला हमखास दिला जातो, त्या २००७ सालच्या 'तारे जमीन पर' मधील मुलाची अडचण वाचन-लेखनाची आहे, स्वमग्नतेची नव्हे. हेलिकॉप्टरमधून एकदा शहर पाहून ते स्मरणाने रेखाटणारा लंडनचा स्टीफन विल्टशायर खराच आहे. परंतु त्याचे माप घेऊन दुसऱ्याच्या मुलाकडे पाहणे अन्यायाचे होय. ज्याचे चित्र साधारण वठते त्यालाही चित्र काढण्याचा पूर्ण हक्क आहे. तो आपण इतर कोणालाही नाकारीत नाही.

स्वमग्नांना माणसांची संगत नको असते, मग समूहात बसविण्याचा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली असे मांडले, की न कळणे हे एकतर्फी नसते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचणे जितके अवघड जाते, तितकेच इतरांना त्याचे. एडिंबरोच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ७२ प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून पहिल्याला एक गोष्ट सांगितली, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती पुढे गेली. केवळ स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत मात्र तिची अधिक गळती झाली. म्हणजे एकमेकांत त्यांचे संभाषण ठाकठीक चालते, आणि कार्यशाळेचे मोठे मोल कदाचित यातच असते की आपल्यासारखाच दुसरा कोणी जगात आहे, हे त्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षी का होईना, प्रथम दिसते. दोघे शेजारी बसून तासभर न बोलता काम करतील. तीही संगतच आहे.

जो बोलत नाही त्याला समजत नाही, ही समजूत मात्र सर्वांत घातक. बोलणे आणि समजणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चित्रांची कार्डे देऊन-घेऊन मागणी करण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ पासून विकसित झाली. चेन्नईत तयार झालेल्या 'आवाज' नामक साधनात चित्रावर बोट ठेवले की यंत्र शब्द उच्चारते. अशा साधनांनी मुलाची वाचा खुंटते ही भीती संशोधनाने खरी ठरविलेली नाही. यंत्र नसले तरी पुठ्ठ्यावर 'पाणी', 'थांबा', 'पुरे', 'मदत' अशी चार चित्रे चिकटविता येतात, आणि 'पुरे' हे चित्र दाखविले की खरोखर पुरे करावयाचे, एवढा शिरस्ता मात्र पाळावा लागतो.

मुलगा एकाएकी कान झाकून ओरडू लागला की 'लाडावलाय' असे म्हणून आपण मोकळे होतो. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांची असह्य तीव्रता किंवा उलट अतिमंद जाणीव, हे स्वमग्नतेचे एक लक्षण म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानग्रंथात अधिकृतपणे नोंदविले गेले. कार्यशाळेची खोली म्हणून आधी कानांनी आणि कातडीने तपासावी: पत्र्यावर श्रावणातली सर कोसळू लागली की काय होते, दिव्याची नळी गुणगुणते काय, पंखा खडखडतो काय. ओल्या मातीचा गिळगिळीत स्पर्श ज्याला सोसत नाही, त्याला पोळ्याचा बैल मातीचाच कर असा आग्रह धरू नये. त्याने तो तारेचा करावा, पुठ्ठ्याचा करावा, किंवा दुसऱ्याने घडविलेल्या बैलाची झूल आणि गोंडे तेवढे सजवावे. कोपऱ्यात एक चटई टाकून ठेवावी. तेथे गेलेल्याला कोणी हाक मारू नये. भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांनी लावावा: चपला काढणे, काम, पाणी, काम, डबा, घर. उत्तर कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून रुजविलेल्या शिक्षणपद्धतीचे हे एक मुख्य अंग आहे, आणि त्याला खर्च रंगीत खडूंचा.

कार्यशाळेने मूल सुधारेल, चारचौघांसारखे होईल, ही आशा आईबापांना कोणी दाखवू नये. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही आणि कार्यशाळाही तसे औषध नव्हे. त्याचबरोबर पणत्या, पाकिटे, मेणबत्त्या यांचा ढीग करवून घेऊन दिवाळीत दयाबुद्धीने विकणे, यालाच सर्जन म्हणणेही मला पटत नाही. पणती करण्यात उणेपणा नाही, पण कोणती करावयाची हे ज्याने ठरविले नाही त्याच्या वाट्याला फक्त मजुरी आली. अशी कार्यशाळा मोठ्या संस्थांनाच शक्य, असेही नव्हे. आपल्याला जवळ म्हणावे असे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या 'आरंभ' या अंबिका टाकळकर या आईने उभारलेल्या केंद्राचे आहे, आणि दिल्लीत १९९१ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेच्या मुळाशीही मेरी बारुआ ही एक आईच आहे.

आईचे नाव निघाले म्हणून तिच्यावरील एक जुना कलंक पुसून टाकतो. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथाने लोकप्रिय केले. ते साफ चुकीचे ठरले आहे. लसीमुळे स्वमग्नता येते या समजुतीचेही तेच: तिला जन्म देणारा, १२ मुलांवर आधारलेला १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला, आणि डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ सालच्या अभ्यासात गोवराच्या लसीशी कोणताही संबंध आढळला नाही.

राहिला दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न. दाखला काढला की पोराच्या कपाळी शिक्का बसतो, बहिणीचे लग्न अडते, या धास्तीने कित्येक घरे सरकारदरबारी अर्जच करीत नाहीत. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ प्रकारांत घातले. दाखला ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांतही या गटाचा वाटा आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यान्वये 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर गरज असल्यास पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. आणि २०१६ च्याच कायद्याच्या २९व्या कलमात दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाची तरतूद असून तीत कलावर्गांचा नामोल्लेख आहे. तेव्हा अशा कार्यशाळेसाठी शाळेची खोली मागणे ही याचना नव्हे.

दुसरबीड आणि भोवतालच्या गावांतील मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि विशेषतः अशा मुलांच्या आईबापांना माझी विनंती आहे: येत्या सुटीत एक खोली, दोन धीराची माणसे आणि चार-पाच मुले एवढ्यावर आरंभ करावा, आणि पहिल्या दिवशी त्या मुलांना काही शिकविण्याआधी, त्यांना कशाचा नाद आहे, हे त्यांच्या घरी जाऊन विचारून यावे.