गाठीचा फ्लॅट नंबर काय?

मावशीच्या ब्रेस्ट कॅन्सरनंतर मी या विषयावर दिसेल ते वाचत सुटले. एरवी गाठीचा तुकडा वाटून त्यातले कुठले जीन्स ‘ऑन’ आहेत ते मोजतात. म्हणजे अख्ख्या सोसायटीचं एकच लाइट बिल! एसी कुठल्या फ्लॅटमध्ये चालू, कळणार कसं? २०१६ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी स्लाइडवर सुमारे हजार ठिपके छापले, प्रत्येकाला वेगळा डीएनए बारकोड. त्यावर गाठीचा पातळ काप ठेवला, की कुठलं जीन कुठे ऑन, त्याचा नकाशाच तयार! एकाच गाठीचे भाग त्यात वेगवेगळं वागताना दिसले.

मावशीच्या रिपोर्टमध्ये हा नकाशा नाही. अजून हे मुख्यतः रिसर्चचंच काम. पण केमोनंतरही गाठीचा एक कोपरा का टिकला, हा तिचा प्रश्न आता निदान नेमक्या जागी विचारता येतो.