पाच टक्के येतात कुठून?

सप्टेंबर 2022मध्ये एसबीआय कार्डने ‘कॅशबॅक’ कार्ड आणलं आणि हिशेबी मंडळींच्या तोंडाला पाणी सुटलं. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत, मग दुकान कुठलंही असो. त्याआधीची पाच टक्केवाली लोकप्रिय कार्डं एकेका दुकानाशी बांधलेली होती: अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅमेझॉनपुरतं, फ्लिपकार्टचं फ्लिपकार्टपुरतं. इथे महिन्याला दोन लाखांची खरेदी केली की 10,000 रुपये परत मिळायचे. वार्षिक शुल्क 999 रुपये, आणि वर्षात दोन लाख खर्च झाले की तेही माफ.

या दोन लाखांचा हिशेब मांडून पाहू. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार साधारण दोन टक्के शुल्क भरतो, त्याला एमडीआर म्हणतात. त्यात तिघांचा वाटा असतो: दुकानदाराची बँक, व्हिसासारखं नेटवर्क आणि ग्राहकाला कार्ड देणारी संस्था. मोठा वाटा शेवटच्या संस्थेचा. तो ढोबळमानाने दीड टक्का धरला, तर तिला मिळाले 3,000 रुपये, द्यायचेत 10,000.

उरलेले सात हजार भरतो तो ‘मिनिमम ड्यू’ भरून बाकीचं बिल पुढे ढकलणारा ग्राहक. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 42 टक्के. वीस हजार थकले तर महिन्याचे 700 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. असे दहा जण सापडले की एका हुशार ग्राहकाचा कॅशबॅक निघतो. कर्ज बुडण्याचा आणि भांडवलाचा खर्च यात धरलेलाच नाही.

गणित फसतं ते हुशार ग्राहकांची गर्दी झाली की. दागिने, विम्याचे हप्ते, शाळेची फी, गिफ्ट व्हाउचर, सगळं ऑनलाइन कार्डावर. बिल मात्र वेळेत पूर्ण. असा ग्राहक संस्थेला महागात पडतो. (दोष त्याचा नाही, जाहिरात त्यांनीच केली होती!) प्रत्येक दुकानाला नेटवर्कचा चार आकडी वर्ग-क्रमांक असतो, दागिन्यांचा 5944. तो वगळलेल्या यादीत टाकला की कॅशबॅक बंद. या कार्डाचंही 1 मे 2023पासून तेच झालं: दागिने, विमा, शिक्षण, वीजबिलं वगळली, महिन्याच्या कॅशबॅकची कमाल मर्यादा 5,000वर आली.

त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्ड-कर्जाचं जोखीमभारांकन 125वरून 150 टक्के केलं. नऊ टक्के किमान भांडवलाच्या नियमाने शंभर रुपयांच्या उधारीमागे बँकेला आता सव्वाअकराऐवजी साडेतेरा रुपये राखून ठेवावे लागतात. उदारपणाला तेवढी कात्री लागणारच.

पाच टक्के अजून संपलेले नाहीत, पण ते अटींच्या कुंपणात गेले आहेत. कार्ड घेताना वगळलेल्या खर्चांची यादी आधी वाचा, आणि ऑटो-पेला ‘मिनिमम’ नव्हे, ‘संपूर्ण रक्कम’ निवडा. तेवढं जमणार नसेल, तर हे कार्ड घेऊच नका.