लॅक्स्टन : शेतांना कुंपण नसलेलं गाव



औद्योगिक क्रांती शिकवताना एक वाक्य हमखास येतं. इंग्लंडमध्ये शेतांना कुंपणं घातली गेली आणि छोटे शेतकरी शहराकडे गेले. मुलं ते पाठही करतात. एकदा वर्गात एकाने विचारलं, "सर, मग कुंपणाच्या आधी शेत कसं होतं?" मी फळ्यावर चारदोन चौकोन काढून वेळ मारून नेली, हे कबूल करतो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या प्रश्नाचं उत्तर एका गावात आजही जमिनीवर उभं आहे.

त्या गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, रॉबिन हूडच्या शेरवूड जंगलापासून फार लांब नाही. गाव अगदी लहान. एक जुनं चर्च, बाराव्या शतकातल्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा, एक खानावळवजा पब आणि रस्त्याकडेला शेतकऱ्यांची घरं. ही घरं नीट बघा. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकरी आपल्या शेतातच घर बांधून राहतो. लॅक्स्टनमध्ये मात्र आपल्यासारखंच, घर गावात आणि शेत बाहेर. कारण प्रत्येकाची जमीन एका जागी नाहीच, ती पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली आहे.

गावाची तीन मोठी शेतं आहेत : पश्चिम शेत, गिरणी शेत आणि दक्षिण शेत. प्रत्येकात अनेकांचे लांबट पट्टे शेजारी शेजारी, मध्ये कुंपण नाही. एका शेतात थंडीआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, आणि तिसरं पड. दरवर्षी हे चक्र एक घर पुढे सरकतं, म्हणजे तीन वर्षांत प्रत्येक शेताला एकदा विश्रांती मिळते. पूर्वी पीक निघालं की मोकळ्या रानात सगळ्यांची जनावरं चरायची आणि त्यांचं शेणखत आयतंच जमिनीला मिळायचं. पट्टे विखुरलेले असल्यामुळे चांगली माती एकालाच आणि पाणथळ दुसऱ्यालाच, असंही होत नसे.

आता तुम्ही म्हणाल, मग भांडणं? आपल्याकडे बांध वीतभर कोरला तरी दोन पिढ्या कोर्टात जातात! इथे खरी गंमत आहे. लॅक्स्टनचं स्वतःचं कोर्ट आहे, त्याला 'कोर्ट लीट' म्हणतात. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला गावचे शेतकरी-पंच त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात आणि प्रत्येक पट्टा पायाखाली घालतात. कोणी शेजाऱ्याच्या हद्दीत नांगर घातलाय का, रस्त्याची किंवा सामाईक गवताची जागा नांगरलीय का, हे बघतात. हद्द पुसट झाली असेल तिथे खुंट्या ठोकतात. मग सगळे मिळून पबात जेवतात आणि कोणाला किती दंड ते ठरवतात. आठवड्याभराने त्याच पबात कोर्ट भरतं, दंड कायम होतो आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. दंडाच्या रकमेपेक्षा चारचौघांत नाव पुकारलं जाण्याची भीती जास्त असावी, असं मला वाटतं. मोकाट जनावरांसाठी गावात कोंडवाडासुद्धा आहे. कोंडवाडा म्हटलं की तुमच्या आजोबांना लगेच चित्र दिसेल.

हे सगळं टिकलं कसं? पुण्याईने नाही! १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणाचे ५,२००हून जास्त कायदे केले आणि इंग्लंडची जवळजवळ एक पंचमांश जमीन त्यांखाली आली. ज्याच्याकडे मोठी मालकी होती त्याला सलग शेत मिळालं. पण ज्याची फक्त एखादी गाय सामाईक कुरणावर चरत होती, त्याचं ते कुरणच गेलं. पुस्तकातल्या "शहराकडे गेले" या दोन शब्दांमागे ही गाय आहे. वर्गात निदान तिचा तरी उल्लेख करा.

लॅक्स्टनच्याही काही जमिनीला कुंपण पडलंच. उरलेली वाचली, कारण गावातल्या दोन बड्या जमीनदारांचं, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांचं, वाटणीवर एकमत होईना, असं सांगतात. मोठ्यांच्या न जमण्याने गावाचं भलं झालं! १९५२ साली मॅनव्हर्स घराण्याची इथली जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाने विकत घेतली, १९८१ मध्ये ती राजघराण्याच्या नावाने चालणाऱ्या 'क्राउन इस्टेट'कडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्या थोर्स्बी इस्टेटकडे आली. मालक बदलले, पंचांची फेरी चालूच राहिली.

हे वर्गात दाखवायचं तर एक उत्तम साधन आहे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनचा भलामोठा नकाशा काढला, तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा दिसतोच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी, शिकारीला निघालेली चिमुकली माणसंही रंगवली आहेत. त्याचं चित्र मिळालं तर मुलांना आधी काही सांगू नका. फक्त विचारा, "यात कुंपण शोधा बरं." आणि मग तीन रंगांचे खडू देऊन मैदानावर तीन शेतं आखा, प्रत्येक मुलाला तिन्ही शेतांत एकेक पट्टा द्या, आणि पंच मुलांमधूनच निवडा.