रंगाला नको, बिडाला विचारा

देवळाली कॅम्पच्या वाटेवर एका भंगाराच्या आवारात, मोडक्या फवारणी यंत्रांच्या शेजारी, वजनकाट्यावर ते पडलं होतं. लोखंडी चौकट, तिला जोडलेले तीन रूळ, प्रत्येक रुळाला दोन बाजूंना दोन चाकं. "कुळवाचा प्रकार दिसतोय दादा, उद्या गॅसनं कापायचाय," दुकानदार म्हणाले. मी वाकून रुळावरची पिळदार पाती पाहिली. "भाऊ, एक दिवस थांबा. हे गवत कापायचं यंत्र आहे."

याला गँग मोवर म्हणतात. इंजिन नाही, पुढं घोडा, बैल किंवा ट्रॅक्टर. यंत्र ओढलं की चाकं फिरतात, चाकातल्या दात्यांवर रूळ गरगरतो आणि त्याची पाती खालच्या स्थिर पात्यावरून सरकतात. गवत शिंप्याच्या कात्रीत सापडावं तसं कापलं जातं. कल्पना आलीच मुळी कापडाच्या गिरणीतून. लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहून इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगनं १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. असे अनेक रूळ एका चौकटीत जोडून मोठी मैदानं कापायची युक्ती पुढं १९१०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स वर्दिंग्टन यांनी रुजवली.

जुनं यंत्र ओळखताना रंगावर विसंबू नये. यावर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली शेंदरी असे थर होते; ज्याच्या हाती जो डबा आला तो त्यानं लावला. म्हणून घासलेट आणि तारेचा ब्रश घेऊन बिडाची बाजू घासायला बसलो. तासाभरानं ओतीव अक्षरं एकेक करून वर आली : रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज, इप्सविच. इंग्लंडमधल्या या घराण्यानं १८३२ पासून गवताची यंत्रं बनवली, पण हे तिहेरी नाव १८८४ नंतरचं. म्हणजे नावसुद्धा काळाची एक हद्द आखून देतं.

तरी एवढ्यावर थांबू नये. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसवलेला असू शकतो, म्हणून बोल्ट तपासायचे. ओळखीच्या मेस्त्रींनी आधी मिलिमीटरचा पाना लावला, तो घसरला. मग त्यांनी पेटीच्या तळातून वडिलांच्या वेळचा विटवर्थ पाना काढला. तो घट्ट बसला. "साहेबाचा बोल्ट," ते म्हणाले. ब्रिटिश विटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्याचा ६०. तिन्ही रुळांचे बोल्ट एकाच मापाचे निघाले.

मग टेप. एक रूळ ३० इंचांचा. तिघांचे ९० व्हायला हवेत, पण यंत्राचा पट्टा भरला ८४ इंच, म्हणजे सात फूट. उरलेले सहा इंच कुठं गेले? मधला रूळ मागं असतो आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच शेजाऱ्याच्या वाटेवर चढतो. वळताना मध्ये गवताची शेंडी राहू नये, ही ती काळजी. मोठ्या मैदानांसाठी असेच पाच, सात, नऊ रूळ जोडत.

पाती मोजली : प्रत्येक रुळावर सहा. बारीक, मखमली कापणीला जास्त पाती लागतात. सहा पात्यांचा रूळ खेळाच्या रांगड्या मैदानाचा. चाकं रबराची नव्हती, आडव्या धारांची लोखंडी होती, म्हणजे ओढ संथ. विलायतेत घोड्याच्या खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्याला कातडी बूट घालत.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटचा सामना पाहताना आपण खेळपट्टीवर बोलतो. सीमारेषेपर्यंतच्या हिरवळीवर कोणी बोलत नाही. पण चेंडू तिथं सरळ धावतो तो कोणीतरी पहाटे गवत कापायचं काम नीट केलेलं असतं म्हणून. म्हणूनच असं यंत्र नाव न कळता कापलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी मेस्त्रींनी तेल सोडलं, खालच्या पात्याचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळले आणि वर्तमानपत्राची पट्टी पुढं धरली. मी चाक हातानं फिरवलं. दोन ठिकाणी कागद नुसता दुमडला. गंजानं धार खाल्ली होती. तिसऱ्या ठिकाणी 'कच्' असा आवाज आला आणि कागदाचा सरळ कापलेला तुकडा दुकानदारांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि पोराला हाक मारली, "अरे, हे काट्यावरून खाली घे."